चुन्यानं खाल्लेला अंगठा

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. रेशन दुकानात एखादी म्हातारी यंत्रावर पुन्हा पुन्हा अंगठा दाबताना दिसली, की ती घटना आपोआप समोर येऊन उभी राहते. मग ज्या कामाला निघालो असेन ते बाजूला पडतं. इथं मी नाव कुणाचंच लिहिणार नाही. गेलेलीचं नाही, शिक्षा भोगणाऱ्याचं नाही, आणि आम्ही उगीच दिवसभर बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाचं तर मुळीच नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत महामार्गाला लागून नवा वॉटर पार्क उघडला होता. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आकाशपाळणा, खाण्याच्या टपऱ्या. मे महिन्याच्या उन्हात अख्खा जिल्हा तिथं लोटायचा. आमच्या दृष्टीनं पार्क म्हणजे रविवारचा जादा बंदोबस्त, पार्किंगमधली भांडणं आणि चोरीला गेलेले मोबाइल. यापलीकडे त्याचा विचार करायची वेळ आली नव्हती.

एका रविवारी संध्याकाळी पार्कच्या व्यवस्थापकासोबत तिशीतला एक माणूस ठाण्यात आला. कृषी केंद्रात सेल्समन होता, गावाकडे घरची शेती होती. बायकोला घेऊन सकाळी पार्कमध्ये आलो, दुपारी ती कपडे बदलायला म्हणून गेली ती परतलीच नाही, असं त्याचं सांगणं. भोंग्यावरून चार वेळा नाव पुकारून झालं होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं.

"मशीनमदे नाव हाये सायेब तिचं," तो म्हणाला. "सकाळी बोट लावून आत गेली. पाहून घ्या तुम्ही."

हरवलेल्या बाईचा नवरा आधी खिशातून तिचा फोटो काढतो. कोणती साडी नेसली होती ते आठवायला लागतो, चुकतो, दुरुस्त करतो. या माणसानं आधी मशीनचं नाव घेतलं. हे माझ्या ध्यानात यायला चार दिवस लागले. वास्तविक असल्या गोष्टी तिथल्या तिथं ध्यानात याव्यात म्हणूनच सरकार आम्हाला पगार देत होतं.

ठाणे अंमलदारानं बाई हरवल्याची मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही पार्कवर गेलो. व्यवस्थापक हुशार गृहस्थ होता. यंत्र कसं चालतं ते त्यानं मला फाटकाशी उभं करून समजावलं. एका दिवसासाठी येणाऱ्याला कागदी पट्टा मिळतो, तो मनगटावर बांधायचा, फाटकावर त्याच्या रेघा वाचल्या जातात. वर्षभराचा पास घेणाऱ्याला मात्र कार्ड मिळतं. एकानं पास काढायचा आणि सगळ्या गल्लीनं वापरायचा असं होऊ नये, म्हणून कार्डाला बोट जोडलेलं असतं. पास काढताना काउंटरवरच्या काचेवर बोट तीनदा ठेवायचं. यंत्र बोटाचा फोटो ठेवत नाही. रेषा कुठं फुटतात, कुठं संपतात, ते बिंदू मोजून त्यांचे आकडे करून ठेवतं. नंतर फाटकावर आधी कार्ड दाखवायचं, मग बोट ठेवायचं. आकडे जुळले की हिरवा दिवा लागतो, लोखंडी दांडा फिरतो आणि एकच माणूस आत जातो. बाहेर पडताना यातलं काहीच नाही. बाहेरचा दांडा कुणालाही ढकलता येतो, आणि तिथं कॅमेराही नव्हता.

त्यानं यादी काढून दाखवली. नवरा-बायकोचा जोडीचा पास होता. सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी नवऱ्याचं कार्ड, बोट जुळलं. त्रेचाळीसला बायकोचं कार्ड, बोट जुळलं. कॅमेऱ्यातही दोघं दिसत होते. बाईनं पांढऱ्या स्कार्फनं तोंड बांधलेलं होतं, पण मे महिन्यात आमच्याकडे तोंड उघडं टाकून हिंडणारी बाई शोधूनच काढावी लागेल. मी त्या नोंदीची प्रत ती खरी असल्याच्या प्रमाणपत्रासह मागून घेतली आणि फाइलला लावली. बाई आत गेली हे पक्कं. आता ती आतून कुठं गेली एवढाच प्रश्न उरला, असं मी धरून चाललो.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुलीची आई आली. वणीकडच्या राजूरला चुनाभट्टीवर कामाला जाणारी बाई. केसांत, भुवयांत चुन्याची पांढरी धूळ तशीच. तिच्याच शेजारी राहणारा, मोटारसायकली दुरुस्त करणारा एक पन्नाशीचा मुसलमान मिस्त्री तिला आपल्या गाडीवर घेऊन आला होता. माझ्या टेबलासमोर ती उभी राहिली आणि एकच गोष्ट सांगू लागली.

"सायेब, ते तिथं गेलीच नाई. तिले पान्याचं भेव वाटते. आन् तिचा अंगठा कुठंच लागत नाई, मंग तिथंच कसा..."

"बाई, यंत्रात नोंद आहे," मी म्हणालो. "वेळेसकट आहे. तुमची मुलगी आत गेली, म्हणजे जिवंत आहे. रागानं कुठं गेली असेल तर येईल. आम्ही शोधतोय."

तिनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मी हवालदाराला हाक मारली होती. त्या दिवशी पालकमंत्र्यांचा दौरा होता, बंदोबस्ताचा कागद पुढ्यात होता, आणि आया सगळ्याच असं बोलतात हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव होता. अनुभवाचा असाही उपयोग होतो. ती मुकाट्यानं बाहेर जाऊन झाडाखाली बसली आणि चारपर्यंत बसून होती, असं मला नंतर पहाऱ्यावरच्या शिपायानं सांगितलं.

दोन दिवस आम्ही पार्क पिंजून काढला. लाटांचा तलाव उपसला, पंपघर पाहिलं, कपडे बदलायच्या खोल्या, मागचं कुंपण, कचऱ्याचा खड्डा, सगळं पाहिलं. काही मिळालं नाही. काही न मिळाल्यानं माझा समज उलट घट्टच झाला. आत मेली नाही, म्हणजे बाहेर गेली. बाहेर गेली, म्हणजे कुणाबरोबर तरी गेली. ठाण्यातही कुजबूज तीच होती. नवरा रोज सकाळी येऊन बसायचा, चहा दिला तर नको म्हणायचा. आम्हाला त्याची दया यायची.

बुधवारी तिच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कॉलची यादी आली. एका नंबरवर दोन महिन्यांत भरपूर कॉल होते. शेवटचा शनिवारी दुपारी. त्यानंतर फोन बंद. नंबर निघाला त्या शेजारच्या मिस्त्रीचा. माझ्या फौजदाराला हर्ष झाला. मिस्त्रीला बोलावून बाकावर बसवलं. वयानं मोठा माणूस, पण चौकशीची भाषा वयाकडे बघत नाही. दुपारी मी स्वतः त्याला समोर घेतलं.

"तुमच्या फोनवर ती एवढी कशाला बोलायची?"

"मायासंग नाई बोलत सायेब," तो म्हणाला. "तिच्या मायजवळ फोन नाई. पोरगी मले फोन लावते, चाचा, मायले द्या म्हणते. मी भट्टीवर नेऊन देतो. कधी माय कामात असली त रडते अन् ठेवून देते."

"रडते कशाला?"

"मारते ना थो नवरा तिले. मायले सांगू नका म्हणे. मी सांगतलं नाई. आता वाटते, सांगाले पायजे होतं." एवढं बोलून तो आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत बसला.

कॉलच्या वेळा आणि भट्टीवरच्या मजुरांचं म्हणणं ताडून पाहिलं. तो खरं बोलत होता. त्याला सोडलं. जाताना त्यानं मला सलाम केला, तो मला घेववला नाही. मग म्हटलं, आईचा जबाब तर आपण अजून लिहूनच घेतला नाही, निदान तो सोपस्कार तरी पुरा करू. ती बाहेर होतीच. मिस्त्रीच्या गाडीवर तीही आली होती.

लेखनिक हवालदारानं तिचा जबाब लिहिला, वाचून दाखवला. सही येत नव्हती. मग शाईचा पॅड पुढे केला आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा कागदावर टेकवला. त्यानं कागदाकडे पाहिलं, पॅडवर थोडी शाई ओतली आणि पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा तो वैतागला.

"साहेब, ठसाच उठत नाही हो."

मी कागद हातात घेतला. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी निशाणीचे अंगठे किती पाहिले असतील त्याची गणती नाही. शेतकऱ्याचे, गवंड्याचे, मेलेल्या माणसांचे. रेषा पुसट असतात, तुटक असतात, पण असतात. इथं नुसते तीन काळे, गुळगुळीत डाग होते.

"कळीच्या चुन्यानं खाल्लं ते," ती म्हणाली. "वीस वर्सं झाली. तिचंबी असंच. लहानपनापासून मायासंग भट्टीवर होती न. रेशनवर तिचा अंगठा कधीच नाई लागला. मी हेच म्हनून राह्यलती त्या दिवशी, तिथंच कसा लागला मंग?"

माझ्या हातातला कागद मी खाली ठेवला. सोमवारी हे वाक्य तिनं माझ्यासमोर सुरू केलं होतं आणि मी ते पुरं होऊ दिलं नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि जीप काढायला लावली.

पार्कच्या काउंटरवर पास काढून देणारी बाई आठ महिने तिथंच कामाला होती. तिला तो जोडीचा पास नीट आठवत होता, कारण त्या दिवशी रांग अडली होती. नव्या सुनेचं बोट काच घेतच नव्हती. उजव्या हाताचं नाही, डाव्याचं नाही, ओल्या फडक्यानं पुसूनही नाही. मागचे लोक ओरडायला लागले. सोबत नवऱ्याची बहीण होती.

"मग मी म्हटलं, घरातल्या कुणाचं तरी लावा," ती म्हणाली. "रेशनवाल्याकडे चालतं ना साहेब? कार्डात नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो. आम्ही सगळे तसंच करतो. मला वाटलं, इथंही तेच."

या चुकीला मी तिला फार दोष देत नाही. रेशनचं यंत्र विचारतं, या घरातलं कुणी आलंय का. पार्कचं यंत्र विचारतं, हे कार्ड ज्या बोटाला दिलं तेच बोट आलंय का. ते बोट कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि त्यानं ते कधी सांगितलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं ठरवलं होतं. कार्डावर सुनेचं नाव, सुनेचा फोटो, आणि आकडे नणंदेच्या बोटाचे. सून त्यानंतर एकदाही पार्कमध्ये गेली नाही. तिच्या कार्डावर दर पंधरा दिवसांनी भावासोबत नणंदच जात होती.

गुरुवारी सकाळी पार्क उघडायच्या आधी दोन पंच, महिला शिपाई आणि नणंद यांना घेऊन मी फाटकाशी गेलो. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, घाबरलेली, पण ओठ मिटलेले. वहिनी त्या दिवशी दादासोबत गेली, मी घरीच होते, एवढंच ती सकाळपासून म्हणत होती. मी तिला काही विचारलं नाही. सुनेचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि बोट ठेवायला सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, महिला शिपायाकडे पाहिलं, आणि बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. वरच्या पडद्यावर वहिनीचा फोटो आला, लग्नातला, कपाळावर मोठं कुंकू, आणि खाली तिचं नाव. दांडा मोकळा झाला. मुलगी आत गेली नाही. त्या फोटोकडे पाहत तिथंच खाली बसली.

"दादा म्हने, वहिनी पयून गेली," ती रडत रडत सांगू लागली. "शनिवारी मी मावशीकडं गेलती, आली त घरी नव्हती. दादा म्हने, घरातून गेली म्हनलं त आपलं नाक कापलं जाईन. पार्कातून गेली म्हनू. तू नेहमीसारखी चाल, दुपारी स्कार्फ बांधून निघून जा अन् बस धर. म्या तेवढंच केलं सायेब." मग तिनं मान वर केली. "वहिनी पयून गेली नसन त मंग कुठं हाये?"

हा प्रश्न विचारताना तिचा चेहरा मी पाहिला, आणि हिला खरंच ठाऊक नाही याची मला खात्री पटली. पुढे कोर्टात सख्ख्या भावाच्या विरोधात ती उभी राहिली आणि उलटतपासणीत हलली नाही. घरच्यांनी तिला तोडलं.

नवरा ठाण्यातच बसलेला होता, रोजच्यासारखा. त्याला आत घेतलं. "मशीनले विचारा न सायेब," हे त्यानं दोनदा म्हटलं. मी फाटकावरचा पंचनामा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. हात लावायची गरज पडली नाही. लोकांना वाटतं, पोलीस मारतात म्हणून गुन्हेगार बोलतो. माझा अनुभव असा, की ज्या खांबाला तो टेकून बसलेला असतो तो काढून घेतला की बहुतेक जण बोलतात. त्यानं पाणी मागितलं आणि जागा दाखवतो म्हणाला. त्याच्या या कबुलीचा मेमोरंडम पंचनामा केला आणि निघालो.

त्याच्या शेतात एक पडीक विहीर होती. तोंडावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग रचलेला. पाणी आटलेलं, तळाला नुसता चिखल. शनिवारी संध्याकाळी शेतातच भांडण झालं, त्यानं फावड्याचा दांडा डोक्यात घातला, ती निपचित पडली, मेली समजून त्यानं तिला विहिरीत टाकलं आणि वरून पऱ्हाट्या लोटल्या. भांडणाचं कारण काय, तर आईला फोन का करतेस. एवढंच कारण. मी ते तीन वेळा विचारून घेतलं, मला ते पुरेसं वाटेना.

दोर लावून माझे दोन शिपाई खाली उतरले. एकानं वर पाहून हाक मारली, "साहेब, हिनं पायाला बांधलंय काहीतरी." तिनं साडीचा पदर फाडून मोडलेल्या पायाला घट्ट बांधला होता. मेलेली बाई पदर फाडत नाही. विहिरीच्या काठावर आम्ही जेवढे होतो तेवढ्या सगळ्यांना ते एकाच वेळी समजलं.

डॉक्टरांनी अहवालात जे लिहायचं ते लिहिलं. जखमांची सूज पाहता पडल्यानंतर ती दीड ते दोन दिवस जिवंत असावी. मी त्यांना खासगीत विचारलं, सोमवारी सकाळी दहा वाजता? ते म्हणाले, असेल, नसेलही, घड्याळ लावून नाही सांगता येणार. आईला मी सोमवारी पूर्ण बोलू दिलं असतं, तर काउंटरवर जाऊन विचारायला मला एक तास लागला असता. फाटक, नणंद, नवरा, विहीर, हे सगळं त्या दिवशी दुपारच्या आत झालं असतं. गुरुवारी तेवढाच वेळ लागला होता.

खटला उभा राहिला, जन्मठेप झाली. नोंदीची छाननी उत्तम केली म्हणून मला प्रशंसापत्र मिळालं. प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांपुढे या गुन्ह्यावर बोलायला मला अजूनही बोलावतात. मी त्यांना सांगतो, यंत्राचा पुरावा नाकारू नका, तो खोटं बोलत नाही. पण त्याला नेमकं काय विचारलं गेलं होतं ते आधी शोधा, आणि त्यात पहिल्या दिवशी माहिती कुणी भरली, कशी भरली, ते स्वतः जाऊन पाहा. आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं वाक्य संपेपर्यंत पेन खाली ठेवू नका, टेबलावर कुणाच्याही दौऱ्याचा कागद असला तरी. पोरं लिहून घेतात. पुढची गोष्ट मी त्यांना सांगत नाही.

अहवाल आल्यावर मी साध्या कपड्यांत राजूरला गेलो होतो. हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं, शिपायाकडून निरोप धाडला असता तरी चाललं असतं. पण कोर्टात कधीतरी ते मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि तिनं ते तिथं ऐकावं असं मला वाटेना. ती भट्टीवर होती, पाटीत चुन्याच्या कळ्या भरत होती. मला पाहून तिनं हात झटकले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. विहीर, पाय, दीड-दोन दिवस. आणि तुम्ही आलात तेव्हा मी ऐकून घ्यायला हवं होतं, माझं चुकलं, हेही सांगितलं.

ती रडली नाही. काही हिशेब लावत असल्यासारखं तिनं भट्टीकडे पाहिलं.

"सोमवारी मी तुमच्याकडं आलती, तवा होती का ते?"

"असेल. नक्की सांगता येत नाही."

"मंग आवाज देला असन तिनं," ती म्हणाली. "मलेच देला असन. दुसरं कोन होतं तिले?"

एवढं बोलून तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती भट्टीच्या चढावर निघाली. मी तिथून हललो नाही. तिच्या तीन खेपा झाल्या, पण तिनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही, आणि मला जा असंही म्हटलं नाही.